फोटोवर 'हरिश्चंद्रगड' नीट उमटेपर्यंत

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची एक छोटी वेबसाइट आहे, ती मी सांभाळते. प्रत्येक ट्रेकचं एक पान, त्यात फोटो, गाडी कुठपर्यंत जाते, पाणी कुठं मिळतं, चढ किती, असलं सगळं. आता होतं काय की पानाची लिंक व्हॉट्सॅपवर टाकली की खाली प्रिव्ह्यू येतो ना, त्यात नुसता डोंगराचा फोटो यायचा, आणि पावसाळ्यातला सह्याद्री मोबाइलच्या एवढ्याशा चौकटीत सगळा सारखाच दिसतो, खाली हिरवं आणि वर धुकं. राजगडाच्या लिंकखाली लोक "लिंगाण्याला दोर आपला आणायचा का?" असं विचारायचे. मग ठरलं की फोटोवरच गडाचं नाव आणि तारीख टाकायची, आणि ती कुणी हाताने टाकायची नाही, पान बनलं की आपोआप पडली पाहिजे. हाताने टाकायचे प्रयोग आधी झाले होते, प्रत्येकाचं ॲप वेगळं, फॉन्ट वेगळा, एकाने तर भगव्या अक्षरांना जांभळी सावली दिली होती, ते जाऊ दे.

पहिला प्रश्न फॉन्टचा. ग्रुपातल्या एका दादाचं डीटीपीचं काम आहे, टीशर्टवरची अक्षरं त्यानेच केलेली, त्याने लगेच त्याचा आवडता फॉन्ट पाठवला, म्हणला हाच टाक, आपली ओळख आहे. फॉन्ट दिसायला फक्कड होता पण जुन्या काळातला, म्हणजे युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत) नसलेला. त्या जमान्यातल्या फॉन्टांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, अर्धा श इथे, वेलांटी तिथे, आणि टाइप करणारा माणूस (किंवा त्याचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर) ते तुकडे जोडत जातो. छपाईसाठी अजूनही कित्येक ठिकाणी हेच चालतं आणि चालतंय म्हणून लोक सोडत नाहीत. पण आमच्या साइटवरचा मजकूर युनिकोडमध्ये, त्याला या फॉन्टमध्ये ह कुठे र कुठे हेच सापडणार नाही, चौकोन येणार. दादाला हे समजावताना घसा बसला, कारण त्याच्या मशीनवर ते व्यवस्थित दिसतं. शिवाय विकतच्या फॉन्टचं लायसन्स हा वेगळाच प्रकार, घरच्या कॉम्प्युटरवर वापरायची परवानगी असते म्हणजे सर्व्हरवर टाकून त्यातून आपोआप इमेजेस काढायची असतेच असं नाही. म्हणून मी सरळ ओपन फॉन्ट लायसन्सवाल्या फॉन्टांकडे वळले, तिथे ही भानगड नाही.

आणि आता मराठीला फॉन्ट खरंच बरे मिळतात, पूर्वीसारखं रडगाणं राहिलेलं नाही. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्त आहे, त्याची बारीकपासून ठसठशीतपर्यंत सात वजनं मिळतात, लहान आकारातही वाचता येतो. त्यांचाच बलू आहे, गुबगुबीत, आणि मोदक तर नावासारखाच, इतका फुगलेला की अक्षरांच्या आतली पोकळी जवळजवळ बुजलेली, मोठ्या पोस्टरवर झकास पण प्रिव्ह्यूच्या आकारात नुसता पांढरा ठिपका दिसतो. यात्रा वन मला फार आवडला, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे तो. पण गडाच्या नावाला शेवटी तिरो देवनागरी मराठी घेतला. जुन्या छापील पुस्तकातल्या अक्षरांचं वळण आहे त्याला, आणि मुळात मराठीसाठी म्हणून वेगळा केलेला फॉन्ट आहे, हिंदीचा आणि संस्कृतचा त्यांनी निराळा ठेवलाय. त्यात ठळक वजन नाही, साधं आणि तिरकं एवढंच. सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते लिहितो तिथे, त्याला बोल्ड म्हणालात तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करून देतो आणि ते जाड करणं म्हणजे नुसतं शाईत बोट बुडवून फासणं, ध आणि घ मधला फरक शोधावा लागतो. तारीख आणि बाकीच्या बारीक ओळींना मुक्त.

फॉन्ट ठरला म्हणजे झालंच काम असं वाटतं, पण फॉन्टची फाइल हातात असणं आणि तिच्यातून मराठी शब्द नीट बाहेर पडणं यात बरंच अंतर आहे. आमचं होस्टिंग साधं, पीएचपीवालं, त्यात जीडी नावाची लायब्ररी आयती असते, फोटो घ्या, टीटीएफ फाइल द्या, मजकूर द्या, झालं. इंग्रजीत पहिल्या फटक्यात आलं. मग 'सिंधुदुर्ग' दिलं. आलेली इमेज मी फोन जवळ नेऊन बघितली, कारण लांबून ती ठीक वाटत होती, अक्षरं तिरोचीच, सुंदर. पण स नंतर वेलांटी, म्हणजे स उघडाच आणि वेलांटीची कमान पुढच्या ध च्या डोक्यावर जाऊन बसलेली. अनुस्वार कुठेतरी अधांतरी. शेवटी र, त्याच्या पायात हलन्त, मग ग. रफार नाहीच. गडाचं नाव वाचायला मराठी माणसाला प्रयत्न करावा लागला तर काय उपयोग.

हे का होतं ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून जरा थांबून सांगते. कॉम्प्युटरमध्ये आपला शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो. 'सि' म्हणजे आधी स, मग वेलांटी. 'र्ग' म्हणजे र, हलन्त, ग. कागदावर मात्र वेलांटी आधी येते आणि रफार ग च्या डोक्यावर जातो. हा क्रम बदलायचा, श आणि च मिळून श्च करायचा, द्र चा तो एकसंध आकार उचलायचा, ही कामं फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमध्ये नियम लिहिलेले असतात, आकार असतात, पण ते नियम वाचून अमलात आणणारं दुसरंच सॉफ्टवेअर लागतं, त्याला शेपिंग म्हणतात. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे हार्फबझ, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळीकडे तेच आहे. ब्राउझरमध्ये आपल्याला मराठी कायम नीट दिसतं म्हणून आपण हे गृहीत धरतो, पण इमेजवर अक्षरं काढणाऱ्या कितीतरी लायब्रऱ्या शेपिंग करतच नाहीत, एक अक्षर उचल, ठेव, पुढे सरक, दुसरं उचल. इंग्रजीचं भागतं त्यावर.

त्यामुळे पुढचं टूल निवडताना मी एकच प्रश्न विचारत गेले, बाई तुझं शेपिंग कोण करतं? फीचर्स बिचर्स नंतर. जावास्क्रिप्टमध्ये सॅटोरी नावाची लायब्ररी आहे, प्रिव्ह्यूच्या इमेजेस बनवायला लोक सर्रास ती वापरतात, आणि तिच्या रीडमीमध्येच मी स्पष्ट वाचलं की लिगेचर (अक्षरं जोडून एक आकार करणं) वगैरे ओपनटाइपच्या, म्हणजे आजच्या फॉन्टांच्या ठरलेल्या रचनेतल्या, पुढच्या गोष्टी ती करत नाही. मग आपल्या जोडाक्षरांचं काय होणार ते कळलंच, तिथून परत फिरले. इमेजमॅजिक या इमेजेसवर काम करणाऱ्या टूलमध्ये पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीचा रस्ता आहे, तो हार्फबझवर चालतो, निकाल चांगला येतो. सगळ्यात बिनचूक म्हणाल तर पडद्याआड क्रोम चालवायचा, पपेटीअर नावाच्या टूलने, साधं एचटीएमएल पान बनवायचं, फोटो मागे, अक्षरं पुढे, आणि स्क्रीनशॉट घ्यायचा. शेपिंग, ओळी तोडणं, सावली सगळं ब्राउझर बघतो. फक्त फॉन्ट लोड व्हायच्या आत स्क्रीनशॉट निघाला तर भलत्याच फॉन्टची इमेज मिळते, म्हणून फॉन्ट तयार झाल्याची वाट बघायला सांगावं लागतं, सोय आहे तशी. पण एका गडाचं नाव लिहायला अख्खा क्रोम उठवायचा हे आमच्या चिमुकल्या सर्व्हरला झेपणारं नव्हतं, आणि मलाही जरा जिवावर आलं.

मग पायथन आणि त्यातली इमेजेसची लायब्ररी पिलो. पिलोमध्ये दोन तऱ्हा आहेत, एक साधी मांडणी, ती जीडीसारखीच अक्षर उचल अक्षर ठेव, आणि दुसरी रॅक्म, ही आतून हार्फबझला बोलावते. पिलो ८.२ पासून रॅक्म तयार पॅकेजमध्येच येतं. माझ्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवली आणि 'हरिश्चंद्रगड' असं उमटलं की बघत राहावं, श्च नीट खाली-वर, अनुस्वार जागेवर, द्र एकसंध. लगेच सर्व्हरवर चढवलं, ग्रुपात लिंक टाकली आणि तिथे परत वेलांटी उलटी! तीच स्क्रिप्ट, तोच फॉन्ट, पिलोची तीच आवृत्ती.

कारण असं की रॅक्मला फ्रिबिडी नावाची आणखी एक लायब्ररी लागते, उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांसाठीची, आणि ती पिलोबरोबर येत नाही, सिस्टिमवर असावी लागते. लॅपटॉपवर कुठल्यातरी दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर कधीच येऊन बसलेली. सर्व्हरवर नव्हती. आणि नसली की माझ्या आवृत्तीतला पिलो हू की चू करत नव्हता, गुपचूप साध्या मांडणीवर उतरायचा, इमेज तयार, एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. रॅक्म आहे का हे पिलोला एका ओळीत विचारता येतं, तपासणीची सोय आहे त्यात, पण दर वेळी कोण विचारत बसणार.

यावरचा उतारा मला वेगळ्याच कामाच्या निमित्ताने मिळाला. आमच्या ग्रुपात एक काका आहेत, मराठीचे मास्तर होते, आता रिटायर, अजूनही कळसूबाई आमच्या आधी चढतात. १६४६ मीटर, आणि वर जाऊन चहा पीत बसलेले असतात. त्यांना मी नमुना म्हणून 'अलंग-मदन-कुलंग' ची इमेज पाठवली, तेव्हा मी तारखेबरोबर नावही तिरो सोडून वेगळ्या फॉन्टात घालून बघत होते, ती इमेज. काकांचं उत्तर आलं, "छान झालंय गं, पण हे ल हिंदीतले का काढलेस?"

मी परत बघितलं तर खरंच, दोन्ही ल दंडवाले. आपला ल पाकळीवाला, दोन पाकळ्या आणि मध्ये जोड. श चंही तसंच, आपला देठवाला. नुसत्या सवयीचा हा मामला नाही बरं का, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपी प्रमाणीकरणाच्या शासन निर्णयात हे आकार ठरवून दिलेत, काकांना ते तोंडपाठ असणारच. मी म्हणलं, "काका, फॉन्टच तसा आहे." ते म्हणाले, "मग तुझ्या वेबसाइटवर तोच फॉन्ट आहे, तिथे ल बरोबर कसा दिसतो?" आता याला काय उत्तर देणार, मास्तर ते मास्तरच.

तर गंमत अशी की बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही आकार असतात. नेहमीचा म्हणून हिंदीचा ठेवलेला, आणि 'मजकूर मराठी आहे' असं सांगितलं तर मराठीचा बाहेर काढतात. वेबसाइटच्या पानावर मी भाषा मराठी असं नोंदलेलं होतं, एचटीएमएलच्या सुरुवातीला ते दोन अक्षरी एम-आर, म्हणून ब्राउझरने बरोब्बर आकार उचलला. इमेज बनवताना पिलोला कुणी सांगितलंच नव्हतं. पिलोच्या अक्षरं काढायच्या फंक्शनला भाषा देता येते. दिली, ल आले. (तुमच्या साइटवर पानाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी पडलेली असेल तर आत्ता जाऊन बघा, ल आणि श वरून लगेच ओळखू येतं. कितीतरी मराठी बातम्यांच्या साइटवर हे राहिलेलं असतं.)

आणि याच भाषेच्या सेटिंगने दुसरं काम फुकटात झालं. रॅक्म नसताना भाषा दिली की पिलो गप्प बसत नाही, सरळ एरर टाकून थांबतो, की रॅक्मशिवाय भाषा बिषा जमणार नाही म्हणून. म्हणजे मोडकं नाव लोकांपर्यंत जायच्या आधी स्क्रिप्टच बंद पडते. तिरो वापरताना ल साठी भाषा द्यायची खरं तर गरज नाही, तो मुळातच मराठी वळणाचा, पण मी या एररसाठी म्हणून ती कायम ठेवलीय. सर्व्हरवर फ्रिबिडी टाकली, विषय संपला.

मग ओळी तोडायचं काम. 'राजगड' ला काही अडचण नाही, पण 'रतनगड – कात्राबाई खिंड – हरिश्चंद्रगड' एका ओळीत कुठलं मावतंय. इमेज १२०० बाय ६३० पिक्सेलची घेतली, हाच आकार बहुतेक ठिकाणी चालतो. इंटरनेटवरची उदाहरणं सगळी अशी की अक्षरं मोजा आणि अमुक अक्षरांनंतर ओळ तोडा. मराठीत मोजणार काय? 'हरिश्चंद्रगड' आपण सहा अक्षरी म्हणू, ह, रि, श्चं, द्र, ग, ड. पायथनला विचारा, तो बारा म्हणतो, कारण वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळे त्याच्या दृष्टीने वेगवेगळे. बारा मोजून चुकीच्या जागी तोडलं तर पुढची ओळ हलन्ताने किंवा नुसत्या वेलांटीने सुरू होते आणि तिच्याखाली तो ठिपक्यांचा गोल येतो, निराधार मात्रेला आधार म्हणून. त्यामुळे मोजामोजी सोडून दिली, ओळ जिथे स्पेस आहे तिथेच तोडायची, आणि मावतोय का ते त्या फॉन्टमध्ये त्या शब्दाची पिक्सेलमधली लांबी विचारून ठरवायचं. नाहीच मावलं तर फॉन्टचा आकार थोडा कमी करून परत.

उभ्या दिशेला अजून एक खोड आहे. मी आधी मजकुराची चौकट मोजून ती मधोमध बसवत होते, तर 'राजगड' आणि 'तोरणा' शेजारी ठेवले की वेगवेगळ्या उंचीवर दिसायचे. राजगडला रेघेच्या वर काही नाही, तोरण्याला मात्रा आहे, चौकट उंच झाली, शब्द खाली सरकला. आपला डोळा शिरोरेषा बघतो. मग चौकट विसरून अक्षरांची खालची बैठक ठरावीक जागी पक्की केली, फॉन्ट आणि आकार तोच असला की शिरोरेषा आपसूक एका पातळीवर येते, वर मात्रा असो नाहीतर रफारावर अनुस्वार. वरती तेवढी मोकळी जागा मात्र सोडायची, नाहीतर 'ऑगस्ट' चा चंद्र कापला जातो.

शिरोरेषेवरून आठवलं. डीटीपीवाल्या दादाने फॉन्टचा पराभव मान्य केल्यावर दुसरी फर्माईश केली, "नावाला जरा हवा दे की, अक्षरं लांब लांब कर, क्लासी दिसतं." इंग्रजी पोस्टरवर दिसतं, खरंय. देवनागरीत अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून वेगळं उभं. मी त्याला तसं करून दाखवलं तर म्हणाला की नको, राहू दे. बाह्यरेषेचंही असंच, काळी किनार आणि आत पांढरं अक्षर हवं असेल तर आधी सगळ्या शब्दाची किनार काढायची आणि तिच्यावर पांढरं भरायचं. उलट केलं की शेजारच्या अक्षराची किनार आधीच्या अक्षराच्या शिरोरेषेवर चढते आणि प्रत्येक सांध्यावर काळी उभी रेघ. अर्धपारदर्शक पांढरं अक्षर तर नकोच, ब्राउझरच्या कॅनव्हासवर (पानातली चित्र काढायची चौकट) करून बघा, जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर येतात तिथे पांढरं दुप्पट होतं आणि रेघेवर उजळ गाठी दिसायला लागतात. पारदर्शक हवंच असेल तर पूर्ण पांढरा मजकूर वेगळ्या थरावर काढायचा आणि मग तो सबंध थर फिका करायचा.

आमच्याकडे मुळात पांढरं अक्षर धुक्यावर येत होतं म्हणजे दिसतच नव्हतं, त्यामुळे फोटोच्या खालच्या भागात काळा रंग हळूहळू गडद होत जाणारा टाकला, त्यावर नाव. भगवा करून बघितला, करावाच लागतो, शिवाजी महाराजांचे गड आणि भगवा नाही म्हणजे लोक विचारणारच. पण हिरव्या डोंगरावर भगवी अक्षरं जेपीईजीमध्ये सेव्ह केली की कडा लिबलिबीत होतात, कारण जेपीईजी सहसा रंगाची माहिती अर्ध्या बारकाईने ठेवतं, उजेडाची पूर्ण. पिलोत ही रंगाची काटछाट बंद करता येते, फाइल थोडी वाढते. ते केलं, आणि भगवा फक्त तारखेखालच्या पट्टीला ठेवला. सगळ्यांचं समाधान झालं म्हणायला हरकत नाही.

'पायऱ्या' चा किस्सा मात्र सांगायलाच हवा. एका पानाचं नाव होतं 'नाणेघाट आणि जीवधनच्या पायऱ्या', ते इमेजवर 'पायर्या' आलं, रफार देऊन. पानावर बरोबर, इमेजवर चूक. फॉन्ट तपासला, रॅक्म तपासलं, सगळं ठीक. शेवटी कळलं की हा ऱ्य दोन पद्धतीने टाइप होतो, काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात आणि काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. ज्याने पान लिहिलं त्याचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा. आणि कॉपी-पेस्टमधून येणारा कचरा काढायला आमच्या स्क्रिप्टमध्ये एक झाडू मारणारी ओळ होती, अदृश्य अक्षरं दिसली की उडव, नेटवर कुठेही मिळते तशी. तिने ते जोडचिन्हही उडवलं. ती ओळ काढून टाकली. आता दर वेळी स्क्रिप्टमध्ये काही बदल केला की एक चाचणीची इमेज काढते, तिच्यात 'हरिश्चंद्रगड, सिंधुदुर्ग, सह्याद्री, पायऱ्या, अलंग, शिवनेरी' एवढे शब्द असतात, ही सहा नावं नीट आली की बाकीची बहुधा येतात.

यूआरएलमध्येच मजकूर लिहून इमेज बनवून देणाऱ्या सेवाही असतात, आपला फॉन्ट चढवता येतो, स्वतःचा सर्व्हर लागत नाही. ज्यांना वर सांगितलेली मारामारी नकोय त्यांनी बघावं, पण आधी फुकटच्या खात्यावर वरचे सहा शब्द टाकून बघावं. एक गैरसोय म्हणजे यूआरएलमध्ये मराठीचं एकेक चिन्ह टक्केवाल्या कोडमध्ये नऊ अक्षरं खातं, म्हणजे एकट्या 'हरिश्चंद्रगड' चे १०८. लांबलचक पत्ता होतो, आणि मजकुरात स्वल्पविराम असला तर त्याची वेगळी तऱ्हा करावी लागते.

व्हॉट्सॅपचं एवढंच की जुनी इमेज धरून ठेवतं, नवी बनवली तरी लिंकखाली जुनीच येते, म्हणून इमेजच्या पत्त्याच्या शेवटी तारीख चिकटवते. आणि कधीकधी चौकोनी लघुचित्र दाखवतं, बाजू कापून, तेव्हा नाव डावीकडे चिकटवण्यापेक्षा मध्ये बरं.

साइटच्या पानावर मात्र मी फोटोवर अक्षरं कोरत नाही. तिथे साधं एचटीएमएलचं शीर्षक सीएसएसने फोटोवर आणून ठेवलंय, फॉन्ट तोच. ते शोधता येतं, कॉपी होतं, स्क्रीन रीडर वाचतो, आणि फोन छोटा असला तर ओळ आपोआप तुटते. गूगल फॉन्ट्सची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनी एवढं बघावं की तिथे लिप्यांप्रमाणे तुकडे केलेले असतात, लॅटिनचा तुकडा उतरवून घेतला आणि मराठी दुसऱ्याच फॉन्टात दिसतंय म्हणून डोकं खाजवत बसलेले लोक मी पाहिलेत.

आता काकांचं नवीन काढलंय, नाव मोडीतही हवं, देवनागरीखाली बारीक अक्षरात. मी म्हणलं बघते, आणि बघितलं तर जमण्यासारखं आहे. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, नोटो सान्स मोडी हा फॉन्ट मोफत आहे, हार्फबझला मोडी येते. शिवाय इमेजवर लिहिण्याचा खरा फायदा इथेच आहे, लोकांच्या फोनमध्ये मोडीचा फॉन्ट असेलच असं नाही, साध्या मजकुरात चौकोन दिसू शकतात, इमेजवर सगळ्यांना दिसणार. देवनागरीचं मोडी करायला अक्षरमुख हे ऑनलाइन साधन वापरलं. पहिल्या नावाची इमेज काकांना पाठवली तर त्यांनी लाल पेनाने दोन ठिकाणी गोल करून परत पाठवली, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद करत नाहीत, मशीनने अक्षराला अक्षर लावलंय, म्हणून. तेव्हा सध्या त्यांना गडांची यादी दिलीय, एकेक नाव ते तपासून देतायत आणि मी ते यादीतच पक्कं करून ठेवतेय, आपोआप बदलायच्या भानगडीत पडत नाही.